नऊची शिटी

नऊ वाजायला चार मिनिटं कमी होती. टँकर दारात येऊन उभा राहिला होता, त्याचा जाड काळा पाइप हौदाच्या तोंडाशी लोंबत होता, आणि तरीही हौदात पाण्याचा थेंब पडत नव्हता. सुभेदार कृष्णात जगदाळे हातात शिटी धरून हौदापाशी उभे होते. उद्या त्यांना पंच्याहत्तर वर्षं पुरी होणार होती. अंगणात मांडवाचे वासे रोवले गेले होते. तीनशे पानांची वर्दी आचाऱ्याला गेली होती. साताऱ्याहून धाकटा भाऊ नाथाजी कंदी पेढ्यांचे चार खोके घेऊन कालच दाखल झाला होता, आणि त्यातला एक खोका आज सकाळपर्यंत निम्मा झाला होता. सगळं कसं पलटणीतल्यासारखं चाललं होतं. अडलं होतं ते एका सहीवर.

सही अंबूबाईंची, म्हणजे सुभेदारांच्या बायकोची होती.

त्या ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर टँकरच्या फेऱ्यांची वही, नाकावर चष्मा आणि कागदावर उजव्या हाताचं बोट. एरवी वही आली की त्या खाली न बघता सही ठोकायच्या आणि चुलीवरचं दूध वर यायच्या आत परत स्वयंपाकघरात असायच्या. आज त्यांचं बोट ओळीच्या सुरुवातीपासून निघालं होतं आणि भरल्या बैलगाडीच्या चालीनं पुढं सरकत होतं.

"ठि, का, ण," त्यांनी वाचलं. बोट थांबलं. "व, स्ती. वस्ती."

त्यांनी चष्म्यावरून ड्रायव्हरकडं बघितलं. "धनाजी, ही वस्ती हाय का रं?"

धनाजी टँकरचं चाक तपासू लागला. चाकाला काही झालेलं नव्हतं. "आई, ते तसं लिवायचं असतंय."

"असतंय म्हंजे? मी हितं नांदाय आल्याला बावन्न वर्सं झाली. हे घर हाय. वस्ती वढ्याच्या पल्याड हाय. मला ठावं हाय."

सुभेदारांनी घड्याळ बघितलं. तीन मिनिटं.

आता या हौदाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. पिंपळटेक हे कवठे महांकाळच्या बाजूचं कोरडं गाव. उन्हाळ्यात दिवसाला टँकरच्या दोन खेपा यायच्या. एक गावातल्या विहिरीत, दुसरी ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीच्या टाकीत. पाच वर्षांपूर्वी पुरात ओढ्यावरचा साकव वाहून गेला. टँकर पलीकडं जाईना. तेव्हा सुभेदारच पुढं झाले आणि म्हणाले, वस्तीची खेप माझ्या हौदात ओता, वस्तीच्या बाया इथून पाणी नेतील. गावानं त्यांना नावाजलं. सुभेदारांनीही स्वतःला थोडं नावाजलं. हौदाला त्यांनी तोटी बसवली, तोटीला कुलूप घातलं, किल्ली बनियनच्या खिशात ठेवली, आणि नऊ ते दहा अशी वेळ ठरवली. नऊला शिटी, दहाला शिटी. रांग सरळ. हंडे डाव्या हाताला. घरातली धुणी, जनावरं आणि परसातलं आळूचं बन मात्र त्याआधीच उरकलेलं असायचं.

गेल्या दिवाळीत साकव परत बांधून झाला. तो बांधून घेतला त्यांच्या सुनेनं, संयोगितानं, कारण ती गावची सरपंच होती. नारळ फोडला सुभेदारांनी. फोडून घरी आले, आणि उन्हाळा लागला तसा टँकर आपला परत त्यांच्याच हौदाशी. कुणी काही बोललं नाही. सुभेदारांच्याही मनात काही आलं नाही. पाच वर्षांची सवय होती, आणि सवय ही गोष्ट अशी की ती कधी लागली ते माणसाला आठवत नाही. शिवाय वस्तीवर टँकर वळत नाही, जागा अरुंद आहे, असं धनाजी म्हणायचा. सरकारनं टँकरवर लक्ष ठेवायला यंत्र बसवलं होतं खरं, पण नकाशात सुभेदारांचं घर आणि वस्ती मिळून एकच ठिपका दिसायचा.

वहीवर मात्र रोज दोन बायकांच्या सह्या लागायच्या, तसा नियमच होता. एक सही अंबूबाईंची, आणि दुसरा अंगठा वस्तीवरच्या लक्ष्मीबाईंचा. दोघी पाणी समितीवर होत्या. सुभेदारांनीच अंबूबाईंचं नाव घातलं होतं, कारण त्यांना सही येत होती. ती सहीही त्यांनीच शिकवलेली. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत. नुसती सही, कारण सुट्टी संपली. बाकीची अक्षरं पुढच्या खेपेला शिकवू, असं ते म्हणाले होते, आणि ती पुढची खेप काही आली नव्हती.

मग गेल्या पावसाळ्यात लक्ष्मीबाईंची नातसून प्रियंका हिनं वस्तीच्या समाजमंदिरात म्हाताऱ्यांचा साक्षरतेचा वर्ग काढला. अंबूबाई दुपारची कामं उरकून तिकडं जाऊन लक्ष्मीबाईंच्या शेजारी बसू लागल्या. सुभेदार तेव्हा हसले होते. या वयात काय कलेक्टर व्हायचंय का, असं म्हणाले होते. आज ते हसू त्यांना ओट्याच्या पायरीवर बसलेलं दिसत होतं.

"वहिनी," नाथाजी मध्ये पडला. तो सातारच्या बाजारात चाळीस वर्षं तडजोडी करून मुरलेला माणूस. "उद्या दादांचा दिवस. सही करा, पेढा घ्या, आन उद्यापास्नं वाचा की निवांत. कोण न्हाई म्हणतंय?"

अंबूबाईंनी पेढा घेतला. सही केली नाही.

इतक्यात सांगलीहून सकाळच्या गाडीनं आलेला मुलगा वीरधवल हातात चहाचा कप घेऊन बाहेर आला. तो विमा कंपनीत होता आणि त्याला दोन्ही बाजू नेहमी पटायच्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. आई म्हणते ते खरं आहे. पण उद्या तीनशे माणूस जेवायला आहे, तेही खरं आहे. तर आज आणि उद्या खेप इथं ओतावी, आणि परवापासून कायमची वस्तीवर न्यावी. सुभेदारांना हे फार आवडलं. नाथाजीला आवडलं. धनाजीनं तर पाइप उचललासुद्धा.

"चालंल," अंबूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"मग धनाजी, ही वस्ती खोड, आन हितं लिव, सुभेदाराचं घर. मी सही करते."

पाइप धनाजीच्या हातात तसाच राहिला. त्यानं सुभेदारांकडं बघितलं, सुभेदारांनी वीरधवलकडं बघितलं, वीरधवलनं चहात बघितलं. वही रोज संध्याकाळी ग्रामसेवकाकडं आणि तिथून तालुक्याला जायची. सरकारी टँकर सुभेदाराच्या घरी ओतला, असं सुभेदाराच्याच बायकोच्या सहीनं तालुक्याला कळवायचं, हे कुणाच्याच घशाखाली उतरेना. धनाजी हळूच म्हणाला की असं लिहिलं तर त्याचं टँकरवरचं नाव जाईल.

"खरं लिवलं तर जातंय, मग खोटं लिवताना कसं न्हाई गेलं?" अंबूबाईंनी विचारलं. रागानं नव्हे. त्यांना खरंच कुतूहल वाटत होतं. वाचायला येऊ लागल्यापासून त्यांना अशा पुष्कळ गोष्टींचं कुतूहल वाटू लागलं होतं.

घड्याळाचा काटा नऊवर आला. आणि सुभेदारांच्या हातून ती चूक झाली. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाचा हात डोक्याला विचारत नाही. शिटी ओठांशी गेली आणि खणखणीत वाजली.

फाटकाबाहेर वस्तीच्या पंधरा-वीस बाया थांबल्याच होत्या. त्या सवयीनं आत आल्या, सवयीनं रांगेत उभ्या राहिल्या, हंडे सवयीनं डाव्या हाताला ठेवले. हौद कोरडा. तोटीला कुलूप. टँकर भरलेला. सगळे एकमेकांकडं बघत राहिले. नाथाजीला हसू आलं, त्यानं ते पेढ्याबरोबर गिळलं.

रांगेच्या पुढं लक्ष्मीबाई होत्या. सत्तरीच्या, बारक्या अंगाच्या, कमरेला पदर खोचलेला. त्यांनी ओट्यावर अंबूबाई बघितल्या, मांडीवरची वही बघितली, कागदावर टेकलेलं बोट बघितलं, आणि काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"वस्तीपतूर वाचलंसा व्हय?" त्यांनी विचारलं.

"वाचलं."

"मी परवाच वाचलं. म्हटलं, बाई कवा वाचत्यात बघू."

सुभेदारांना हे लागलं. म्हणजे दोघी मिळून त्यांच्या पाठीमागं वहीवर पाळत ठेवून होत्या. ते पुढं आले. आवाज चढू न देता त्यांनी लक्ष्मीबाईंना विचारलं की पाच वर्षांत या हौदावरून कुणी रिकामा हंडा परत नेला का. उन्हात, वाऱ्यात, घरात लग्न असताना, ते स्वतः तापानं फणफणत असताना, एक दिवस तरी कधी त्यांनी नाही म्हटलं का.

"न्हाई, सुभेदार," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुमी कवाच न्हाई म्हटलं न्हाई. मी कुटंबी सांगीन. पर आमाला मागावं लागलं न्हाई, असा एक दिस दावा."

सुभेदार दिवस शोधू लागले. पाच वर्षं फार झाली, एखादा दिवस असणारच. त्यांनी पाडवा आठवला, जयंती आठवली, स्वतःचा मागचा वाढदिवस आठवला. प्रत्येक दिवशी शिटी होती. मग त्यांना प्रियंका आठवली. मागच्या महिन्यात ती दहा वाजून सहा मिनिटांनी धावत आली होती, कडेवर पोर होतं, आणि त्यांनी नियमाप्रमाणे कुलूप उघडलं नव्हतं. उद्या वेळेवर ये, असं म्हणाले होते. तेव्हा त्यांना ती शिस्त वाटली होती. आज त्यांना ती सहा मिनिटं नको तितकी स्पष्ट दिसली.

पण तीनशे पानं होती. पाहुणे निघाले होते. पाणी नसलं तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. अशा वेळी शेवटचा डाव म्हणून त्यांनी घरात हाक मारली, "सूनबाई, जरा बाहेर या."

संयोगिता बाहेर आली. हात पिठानं माखलेले. तिला निवडून आणलं ते सुभेदारांनी. जागा बाईसाठी राखीव होती, म्हणून सून उभी केली, आणि घरोघर हात जोडत फिरले ते स्वतः. पहिले सहा महिने ती कागदावर सही करायच्या आधी त्यांच्याकडं बघायची. मग हळूहळू कमी बघू लागली. त्यांना वाटलं, शिकली.

तिनं एकदा टँकर बघितला, एकदा रांग, एकदा सासूच्या मांडीवरची वही. सासूच्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं, त्याची ती बहुतेक बऱ्याच दिवसांपासून वाट बघत होती.

"तात्या, आधी एक सांगा," ती म्हणाली. "मी हितं सून म्हणून बोलू का सरपंच म्हणून?"

एवढा सोपा प्रश्न. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सून म्हणून बोल, पोरी. पण सुभेदार फौजी माणूस. त्यांच्या लेखी जिथं हुद्दा आहे तिथं माणसानं हुद्द्यानंच बोलायचं असतं. आणि हा हुद्दा तर त्यांनीच घरात आणलेला.

"सरपंच म्हणून," ते ताठ उभे राहून म्हणाले.

नाथाजीनं कपाळावर हात मारला. संयोगितानं पदरानं हात पुसले.

"मग ही खेप वस्तीची हाय. वहीत लिहिलंय तिथं जाईल. आत्ता जाईल."

वीरधवलनं बापाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि तीन पावलं चालून बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला. चहाचा कप नाथाजीच्या हातात देऊन.

"तात्या, रागावू नका," संयोगिता आता हलक्या आवाजात म्हणाली. "तुमच्या मनात होतं म्हणून त्यांना पाणी मिळालं. मान्य. पण उद्या ह्या हौदावर दुसरा कोण असला, आन त्याच्या मनात नसलं, तर ह्यांनी काय करायचं? पाणी त्यांच्या हक्काचं हाय. ते कुणाच्या मनावर कशाला ठेवायचं? वहीवर ठेवू. म्हणून तर ती वही केली."

सुभेदारांच्या डोळ्यापुढं तीनशे रिकामे पेले आले. मग आणखी एक गोष्ट आली, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. फौजेत असताना त्यांची हक्काची रजा एक साहेब दरवर्षी अडवायचा आणि दरवर्षी देऊन टाकायचा. दिली की म्हणायचा, बघ, मी कधी नाही म्हटलं का. त्या साहेबाचं नावसुद्धा त्यांना नीट आठवत नव्हतं, पण त्याच्यापुढं उभं राहायला लागायचं ते अजून आठवत होतं.

त्यांनी टाच टाचेला लावली. "जी, सरपंच."

धनाजीनं मात्र शेवटचा अडसर घातला. वस्तीवर टँकर वळत नाही.

"मी वळवतो," सुभेदार म्हणाले.

आणि मग पिंपळटेकनं एक वरात बघितली. पुढं टँकर, टँकरच्या केबिनमध्ये सुभेदार, मागं हंडे घेतलेल्या बाया, त्यांच्यात अंबूबाई आणि लक्ष्मीबाई वहीची दोन टोकं धरून पुढची ओळ वाचत, आणि सगळ्यात मागं पेढ्याच्या खोक्यासकट नाथाजी, कारण त्याच्या मते खरी मजा आता तिकडं होती. साकवावरून टँकर गेला. साकव हलला नाही. समाजमंदिरापाशी सुभेदार खाली उतरले आणि शिटीवर टँकर मागं घेऊ लागले. एक शिटी, मागं. दोन शिट्या, डावीकडं. लांब शिटी, थांब. तीन झटक्यांत टँकर टाकीला लागला. जागा अरुंद होती, पण वळत नाही म्हणण्याइतकी कधीच नव्हती. सुभेदारांनी धनाजीकडं बघितलं. धनाजी पुन्हा चाक तपासू लागला.

पाणी टाकीत पडू लागलं तसा अंबूबाईंनी चष्मा लावला आणि अख्खी ओळ मोठ्यानं वाचली. तारीख, वेळ, ठिकाण. प्रियंका मागं उभी राहून कुठं अडतात का बघत होती. सहीच्या जागी अंबूबाईंनी तीच जुनी बावन्न वर्षांची सही केली आणि तीही वाचून दाखवली. "अंबूबाई," त्या म्हणाल्या, मग नवऱ्याचं नाव आलं तिथं जरा थांबल्या, पदर सारखा केला, "ह्यांचं नाव, जगदाळे." बाया हसल्या. सुभेदार ढगांकडं बघू लागले, आणि ढग तर नव्हतेच.

मग वही लक्ष्मीबाईंकडं गेली. धनाजीनं शाईची डबी पुढं केली. लक्ष्मीबाईंनी ती बाजूला सारली आणि पेन घेतलं. त्यांच्या सहीला अंबूबाईंच्या सहीच्या चौपट वेळ लागला. टाकी निम्मी भरली. कुणीही घाई केली नाही, सुभेदारांनीसुद्धा घड्याळ बघितलं नाही.

त्या दिवशी घरी पाण्याचं काय करायचं यावर दुपारपर्यंत खलबत चाललं. वीरधवलनं सांगलीत फोन फिरवून उद्या अकराच्या सुमारास एक खासगी टँकर ठरवला. नाथाजीनं आचाऱ्याला ताटांऐवजी पत्रावळ्या मांडायला लावल्या, म्हणजे विसळायला नको. राहिलं ते सकाळचं प्यायचं पाणी. तेव्हा संयोगितानं सांगितलं की वस्तीची टाकी सार्वजनिक आहे, घरटी दोन हंडे कुणीही न्यावेत, पिंपळटेकच्या कुणालाही मनाई नाही. आणायला कोण जाणार, हे मात्र तिनं सांगितलं नाही. सगळे आपापल्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी, पंच्याहत्तरी पुरी झाल्याच्या सकाळी, नऊला पाच मिनिटं कमी असताना सुभेदार कृष्णात जगदाळे पांढरं धोतर आणि तुऱ्याचा फेटा घालून, दोन्ही हातांत दोन हंडे घेऊन वस्तीवर पोचले. त्यांनी हंडे डाव्या हाताला ठेवले आणि टाकीसमोर सावधान उभे राहिले.

दोन मिनिटं गेली. तीन गेली. समाजमंदिराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या लक्ष्मीबाई त्यांच्याकडं बघत होत्या.

"आवं सुभेदार, कुणाची वाट बघतायसा?"

सुभेदार गडबडले. "नऊ व्हायचेत अजून. शिटी न्हाई झाली."

लक्ष्मीबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या,

"हितं शिटी नसती. तोटी फिरवा आन घ्या."

सुभेदारांनी खाली वाकून बघितलं. तोटीला कुलूप नव्हतं.